के रीडिंग तीनदा घेतलं, तिन्ही वेगळी. डोळा कोरडा. धरायचं कुठलं?

विश्रामबाग_ऑप्टोम, सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, आता सात वर्षं होतील. नंबर काढायचा, प्रेशर बघायचं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बायोमेट्री करायची, म्हणजे डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजायचा, एवढं माझं काम. डोळ्यात बसणाऱ्या लेन्सची पॉवर मी दिलेल्या आकड्यांवर ठरते. आकडा शंकेचा असला की रात्री झोप लागत नाही, आणि गेले चार दिवस लागलेली नाही. पोस्ट लांब होणार आहे, आधीच माफी मागते.

पेशंट ६८ वर्षांचे, तासगावकडचे. सहा एकर द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड. गावात सगळे आबा म्हणतात म्हणून मीही आबाच म्हणते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकत आलाय, दिसतं ६/३६. डावा त्यामानाने बरा.

सोमवारी ऑप्टिकल बायोमीटरवर उजव्या डोळ्याचं के रीडिंग (बुबुळाचा बाक, डायॉप्टरमध्ये) आलं ४३.२५ आणि ४४.७५, ॲक्सिस ९५. म्हणजे दीडचा सिलिंडर (दोन बाकांतला फरक; ॲक्सिस ही त्याची दिशा, अंशांत). डाव्या डोळ्यात पाऊणच होता (४३.३७, ४४.१२, ॲक्सिस ८५), म्हणून मनात पाल चुकचुकली. वीस मिनिटांनी परत बसवलं तर ४४.०० आणि ४५.१२, ॲक्सिस १२०. डॉक्टर म्हणाले, बुधवारी बोलवा. बुधवारी ४२.५० आणि ४४.५०, ॲक्सिस ७८.

मजा अशी की डोळ्याची लांबी तिन्ही वेळा जागच्या जागी: २३.१८, २३.१७, २३.१८. लांबी हलत नाही आणि बुबुळाचा बाक मात्र दर खेपेला नवा. मशीन लेन्स सांगतंय एकदा २१, एकदा साडेवीस, एकदा साडेएकवीस. तीन खेपांची सरासरी काढून मोकळं व्हावं असं एक सहकारी म्हणाला. मला ते पटत नाही. तीन घड्याळं तीन वेळा दाखवत असतील तर सरासरी काढून एसटी पकडता येते का?

डोळा कोरडा आहे हे स्लिट लॅम्पवर दिसतंय. फ्लुरोसीनचा रंग घालून बघितलं तर चौथ्या सेकंदाला अश्रूंचा थर फाटतो. शर्मरच्या पट्टीवर (अश्रू किती येतात ते दाखवणारी कागदी पट्टी) मात्र ५ मिनिटांत ११ मिमी, म्हणजे पाणी तसं कमी नाही. पापण्यांच्या कडा जाड झाल्यात आणि दाबलं की टूथपेस्टसारखं घट्ट काहीतरी बाहेर येतं.

आबांची तक्रार वेगळी. बुधवारी मशीनच्या हनुवटीच्या पट्टीवर हनुवटी ठेवता ठेवता म्हणाले, "काय ओ मॅडम, सोमवारचा डोळा घरी ठिवून आलोय व्हय मी? तोच हाय की." मुलगा पुण्याला असतो. त्याने टॉरिक लेन्सचं (सिलिंडरही घालवणारी लेन्स) वाचलंय आणि पैसे भरायची तयारी आहे. आणि आबांना बेदाण्याचं शेड सुरू व्हायच्या आत ऑपरेशन उरकायचंय. पुढच्या मंगळवारची तारीख दिलेली आहे.

एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे माझी धडपड कळेल. मागच्या वर्षी एका मावशींचं असंच घाईत रीडिंग घेतलं होतं. प्रेशर बघून झालेलं, बधिर करायचा थेंब पडलेला, बाहेर वीस पेशंट आणि जेवणाची वेळ. ऑपरेशन सुरेख झालं. महिन्याने नंबर निघाला उणे सव्वा. मावशी म्हणाल्या, "तांदूळ निवडता येतात गं, पण दारात कोण आलंय ते कळंना." नंतर सकाळी, काहीही न घालता त्यांचं के परत घेतलं, तर आधीपेक्षा एकाहून जास्त डायॉप्टरने चढं. मला कोणी बोललं नाही. बोलायला हवं होतं असं वाटत राहतं.

तर प्रश्न हा, की असल्या डोळ्यात भरवशाचं रीडिंग घ्यायचं कसं? आणि ते भरवशाचं आहे हे ओळखायचं कशावरून?

---

मायरवाला, कराड

ताई, आधी चार गोष्टी विचारतो, मग भाषण देतो. सवय आहे.

एक, मशीनच्या खोलीत पंखा कुठे आहे? दोन, आबा दवाखान्यात येतात कशाने? तीन, तुमच्याकडे पोचायच्या आधी त्यांच्या डोळ्यात काय काय पडलेलं असतं आणि कोणकोणत्या तपासण्या झालेल्या असतात? चार, घरी ते डोळ्यात काय घालतात? डॉक्टरांनी दिलेलं विचारत नाही, घरचं विचारतोय.

आता भाषण. मी २८ वर्षं हाताने फिरवायच्या केरॅटोमीटरवर, म्हणजे बाक मोजायच्या जुन्या यंत्रावर, काम केलं, मशीन हल्ली आलं. आपण म्हणतो बुबुळाचा बाक मोजला. बाक कोणी मोजत नाही. यंत्र दिवा टाकतं आणि त्याचं प्रतिबिंब केवढं दिसतं ते मोजतं. ते प्रतिबिंब बुबुळावर पडत नाही, बुबुळावरच्या अश्रूंच्या थरावर पडतं. थर साधारण ३ मायक्रॉनचा. शाळेत पाटीवर ओलं फडकं फिरवलं की आधी सगळी पाटी चकचकीत दिसायची, मग मधूनमधून वाळलेले डाग पडायचे, आठवतं? आबांच्या डोळ्यावर चौथ्या सेकंदाला तेच होतंय. आणि तुमचं मशीन त्या डागांतून बाक काढतंय.

बाकाचं गणित किती नाजूक आहे बघा. ३३७.५ ला मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागलं की डायॉप्टर. त्रिज्या ७.५० असेल तर ४५. ७.६७ असेल तर ४४. मिलिमीटरच्या सतरा शतांशांत एक डायॉप्टर इकडचा तिकडे. त्यात मशीन मोजतं बुबुळाच्या मधल्या दोन-तीन मिमीच्या टापूतले मोजके ठिपके. काही मशीनना सहा ठिपके, काहींना बत्तीस. सहातला एक जरी कोरड्या डागावर पडला तर सिलिंडर वाढतो आणि ॲक्सिस कुठेही भटकतो. लांबी का हलत नाही याचंही उत्तर यातच आहे. लांबीच्या २३ मिलिमीटरमध्ये ३ मायक्रॉन कोण विचारतो.

तुमच्याकडे जुना केरॅटोमीटर कोपऱ्यात धूळ खात असेल तर पुसा आणि आबांना त्याच्यापुढे बसवा. आधी आयपीस स्वतःच्या नजरेला जुळवा, हे नव्या पोरांना कोणी शिकवतच नाही. मग पापणी मिटायला सांगा आणि उघडल्यावर नुसतं बघत राहा, नॉब फिरवू नका. पहिले दोन सेकंद गोल आणि अधिक-उणेची चिन्हं काचेवर कोरल्यासारखी दिसतील. मग उजवीकडून की खालून एक कड वितळायला लागेल, अधिकच्या चिन्हाला शेपूट फुटेल. ती वितळायला किती सेकंद लागले ते मोजा. फ्लुरोसीन न घालता थर कधी फाटतो ते कळलं, फुकटात. आणि रीडिंग घ्यायची खिडकी केवढी आहे तेही कळलं. आबांची खिडकी दोन-तीन सेकंदांची. तेवढ्यातच घ्यायचं. "डोळा मोठा करा, हलवू नका, हलवू नका" म्हणत दहा सेकंद थांबवलं की संपलं. मशीनवरसुद्धा हाच नियम. पडद्यावर ठिपक्यांचं चित्र दिसतं ना? आकड्याआधी ते बघायचं. ठिपका पसरला, फाटला, दोनाचा एक झाला की ते रीडिंग खोडायचं. मशीन हिरवी खूण दाखवेल, दाखवू दे.

आणि हो, सरासरीबद्दल तुमचं बरोबर आहे.

---

चष्मेघर_पोवईनाका, सातारा

एवढं अवघड काय आहे त्यात. ल्युब्रिकंटचा थेंब टाका, दोनदा डोळे मिटायला लावा, लगेच घ्या. प्रतिबिंब एकदम स्वच्छ येतं. आम्ही काँटॅक्ट लेन्सवाल्यांचं असंच घेतो.

---

फेको_मिरज

वरच्या उत्तराला आधी थांबवतो, कारण हे बऱ्याच ठिकाणी चालतं. थेंब टाकल्या टाकल्या प्रतिबिंब स्वच्छ दिसतं, मान्य. पण मग तुम्ही थेंबाचा बाक मोजता. दाट थेंब किंवा जेल असेल तर खालच्या बाजूला पाण्याचा वरंबा तयार होतो आणि रीडिंग उलट जास्त हलतं. टाकायचाच असेल तर निदान पाच मिनिटं थांबा, मी त्याहून जास्त थांबवतो. बधिर करायच्या थेंबाने तर वरची त्वचाच रुसते, त्यानंतर के घेऊच नये. काँटॅक्ट लेन्सवाल्यांचा विषय वेगळा. त्यांची लेन्स आधी काही दिवस बंद करायला लागते, मऊ असेल तर निदान एक-दोन आठवडे, कडक असेल तर आणखी, तोपर्यंत बुबुळ स्वतःच्या आकारात येत नाही.

आता मूळ प्रश्न. मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करणारा आहे, म्हणजे तुमच्या आकड्याच्या पलीकडच्या टोकाला बसलेला. ताई, तुम्ही मोजमापाची युक्ती विचारताय आणि मायरवाल्यांनी ती फार छान सांगितली आहे. पण आबांच्या डोळ्यात निम्मं उत्तर युक्तीचं नाही, इलाजाचं आहे. पापणीच्या कडेतून टूथपेस्ट निघते असं तुम्हीच लिहिलंय. शर्मर ११ आहे. म्हणजे पाणी आहे, पण पाण्यावर तेलाचा तवंग येत नाही, म्हणून ते उडून जातं. रश्श्यावर तर्री नसली की रस्सा लवकर आटतो तसं. ही पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींची तक्रार, आणि ड्राय आयमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी हीच. गरम शेक, पापण्यांच्या कडा स्वच्छ करणं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब, आणि सूज असेल तर डॉक्टर ठरवतील ते थोड्या दिवसांचं औषध. सायक्लोस्पोरिनची वाट बघत ऑपरेशन अडवू नका, त्याला महिने लागतात. पण शेक आणि थेंब मनापासून केले तर तीन-चार आठवड्यांत रीडिंग एका जागी बसायला लागतं, हा माझा नेहमीचा अनुभव.

हे किती पेशंटमध्ये असतं याचा आपल्याला अंदाज नसतो. २०१७ मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात मोतीबिंदूसाठी आलेले १३६ पेशंट तपासले होते. जवळपास ६३ टक्के डोळ्यांत थर पाच सेकंदांच्या आत फाटत होता आणि निम्म्या डोळ्यांत बुबुळाच्या मधोमध डाग सापडले. आधी ड्राय आयचं निदान झालेले पेशंट होते साधारण पाचातला एक. २०१५ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात अश्रूंचा खारटपणा मोजून दोन गट केले आणि दोन खेपांची के रीडिंग ताडून बघितली. खारट गटात फरक जास्त, लेन्सची पॉवर बदलण्याइतका. तुमचे आबा बहुधा त्या खारट गटातले.

टॉरिकबद्दल मुलाला स्पष्ट सांगा, आत्ता नाही. टॉरिक लेन्स ठरलेल्या ॲक्सिसपासून एक अंश सरकली की तिचा सुमारे ३.३ टक्के उपयोग जातो. तीस अंशांवर उपयोग शून्य, त्यापुढे नुकसानच. तुमच्याकडे ७८ ते १२० असा बेचाळीस अंशांचा पट्टा आहे. मी यातला कुठला ॲक्सिस डोळ्यावर शाईने आखू?

थांबायचं कुठे, हेही सांगतो, नाहीतर पेशंट वर्षभर शेकतच बसेल. वेगवेगळ्या दिवशी घेतलेली दोन रीडिंग सरासरीत पाव डायॉप्टरच्या आत, ॲक्सिस दहा अंशांच्या आत, आणि जुना केरॅटोमीटर मशीनशी सहमत, एवढं झालं की मी पुढे जातो. सिलिंडर अर्ध्याच्या आसपास असेल तर ॲक्सिसचा हट्ट सोडतो, एवढ्याशा सिलिंडरला ॲक्सिस हलणारच. दोन डोळ्यांच्या सरासरीत एक डायॉप्टरचा फरक दिसला, किंवा आकडा ४१ च्या खाली वा ४७ च्या वर गेला, तर परत मोजल्याशिवाय पुढे नाही.

आणि एक बघून घ्या. बागेत आयुष्य गेलेला माणूस आहे, नाकाच्या बाजूने मांसवृद्धी चढलेली नाही ना? ती आडवा बाक सपाट करते आणि खराखुरा सिलिंडर देते. तो शेकाने जाणार नाही.

---

पेन्शनर_शाहूनगर, सातारा

मी डॉक्टर नाही, मास्तर होतो. पेशंटच्या बाजूने दोन शब्द.

माझं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला असंच तीनदा बोलावलं. प्रत्येक वेळी "मशीनमध्ये बसत नाही" एवढंच उत्तर. एसटीने जायचं, सोबत कोणीतरी घ्यायचं, दिवस मोडायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगायचं की माझा डोळा मशीनमध्ये बसत नाही. तिसऱ्या खेपेला मी भांडलो. तेव्हा एका पोरीने, शिकाऊ असावी, कागदावर डोळा काढून सांगितलं की काका, वरचा पाण्याचा थर लगेच वाळतोय म्हणून फोटो हलतोय. दोन मिनिटं लागली तिला. त्यानंतर मी महिनाभर इमानाने शेकलं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?

माझा डोळा आता उत्तम आहे. तेवढ्यासाठी हे लिहीत नाहीये.

---

विश्रामबाग_ऑप्टोम, सांगली

मायरवाले दादा, तुमचे चार प्रश्न वाचले आणि पहिल्याच प्रश्नाला मान वर केली. पंखा. मशीनच्या बरोबर वर. पेशंट हनुवटी टेकवून बसतो तेव्हा वारा सरळ तोंडावर येतो. सात वर्षं मी त्या खुर्चीच्या अलीकडे बसते, पलीकडे कधी बसलेच नव्हते. आज बसले.

स्वतःच्या डोळ्यावरच करून बघितलं. सहकाऱ्याने रीडिंग घेतली. पंखा बंद, पापणी मिटून उघडली आणि लगेच घेतलं: ४३.५०, ४४.००, तीनही वेळा तेच. मग पंखा चालू, डोळा ताणून पंधरा सेकंद उघडा ठेवला, पाणी यायला लागलं: ४२.८७, ४४.१२ आणि ॲक्सिस वीस अंश दुसरीकडे. माझा डोळा कोरडा नाही, वय एकतीस. आबांचं काय होत असेल.

दुसरा प्रश्न. आबांना फोन लावला. येतात मोटरसायकलने. तासगावहून सांगली, जानेवारीची सकाळ, हेल्मेट आहे पण काच वर, कारण "काच खाली घेतली की धुकं धरतंय." बुधवारी गाडी लावली आणि तडक माझ्या खोलीत आले होते, मीच हाक मारली होती.

तिसरा. आमच्याकडे आधी हवेच्या झोताने प्रेशर, मग बाहुली मोठी करायचे थेंब, मग पडदा बघून झाला की बायोमेट्री. सोमवारचं पहिलं रीडिंग हवेच्या झोतानंतरचं आणि दुसरं थेंबांनंतरचं निघालं. मध्ये सिस्टरने थेंब घातले हे मला माहीतच नव्हतं, फाईलवर खूण मागच्या पानावर होती.

चौथा प्रश्न विचारायचं कधीच सुचलं नसतं. गुलाबपाणी. बागेत ब्लोअरने औषध मारून आलं की डोळे चुरचुरतात, मग रात्री वहिनी दोन-दोन थेंब गुलाबपाणी घालतात. बाटली मागवून बघितली. देव्हाऱ्यात वापरतात तीच.

फेको सर, मांसवृद्धी नाही, परत बघितलं. डॉक्टरांना तुमचं उत्तर दाखवलं. ते आधी थोडे गप्प झाले, मग म्हणाले, मंगळवार रद्द करा. आबांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मास्तर, तुमचं ऐकलं. कागदावर डोळा काढला. आबांना पाटीचं उदाहरण दिलं तर म्हणाले, "पाटी कशाला, द्राक्षाच्या मण्याचं सांगा की. वरची लव गेली की मणी सुकतोय." द्राक्षावर जो पांढरा मेणाचा थर असतो ना, तो म्हणत होते ते. तो पुसला गेला की मण्यातलं पाणी उडतं, बेदाणा करताना तोच थर घालवण्यासाठी द्राक्षं सोड्यासारख्या क्षाराच्या आणि तेलाच्या द्रावणात बुडवून काढतात. पापणीतलं तेल आणि अश्रू हे त्यांना माझ्याआधी कळलं. मी पुढच्या पेशंटना आता हेच सांगणार आहे, निदान तासगाव-कवठेमहांकाळच्या.

---

मायरवाला, कराड

गुलाबपाण्याची बाटली जप्त करा. आणि वहिनींना दुखवू नका.

ॲक्सिसबद्दल एक राहिलं. डावा डोळा बघा: पाऊण सिलिंडर, ८५. दोन्ही डोळे बहुधा एकमेकांच्या आरशातल्यासारखे असतात, म्हणजे उजवा ९५ च्या आसपास आणि सिलिंडर पाऊणच्या आसपास असायला हवा. हा नियम नव्हे, अंदाज. पण जिंकणारा घोडा मला दिसतोय.

---

फेको_मिरज

मोजताना क्रम बदलाच. सकाळी आला की पहिलं के आणि बायोमेट्री, डोळ्याला कशाचाही स्पर्श व्हायच्या आत. मग प्रेशर, मग थेंब, मग फ्लुरोसीन आणि शर्मर सगळ्यात शेवटी. गाडीवरून आला तर अर्धा तास आत बसवा, पंख्यापासून लांब. मोबाईल हातात देऊ नका, मोबाईल बघताना माणूस पापणी मिटायचं विसरतो.

आणि कोरडेपणा आहे हे फाईलवर ऑपरेशनआधी लिहा, नातेवाइकांना सांगा. चिरेने बुबुळाच्या काही नसा कापल्या जातात, ऑपरेशननंतर काही महिने चुरचुर वाढते. आधी सांगितलं तर तो आजार असतो, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

---

विश्रामबाग_ऑप्टोम, सांगली

सव्वीस दिवसांनी लिहिते आहे.

आबा पंधराव्या दिवशी आले तेव्हा शेक नीट झालेला नव्हता. रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळून ठेवायचे, तो अर्ध्या मिनिटात गार. वहिनींनी मग स्वतःच युक्ती काढली: तव्यावर कोरडा फडका गरम करायचा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा, मग आबांच्या मिटल्या पापणीवर, आणि दुसरा फडका तोवर तव्यावर. दहा मिनिटं. माझ्या छापील कागदापेक्षा हे चांगलं आहे.

एकविसाव्या दिवशी मुलाच्या चारचाकीतून आले. अर्धा तास बसवलं. पंखा बंद. डोळ्याला काहीही लावायच्या आत, पापणी मिटून उघडली की दोन सेकंदांत: ४३.३७, ४४.००, ॲक्सिस ९२. पाच रीडिंग घेतली, दोन मी स्वतः खोडली कारण खालचा एक ठिपका पसरलेला होता, मशीनने ती दोन्ही हिरवीच दाखवली होती. जुना केरॅटोमीटर कपाटावरून काढला. त्यावर ४३.५०, ४४.००, आणि चिन्हाला शेपूट फुटायला आता सात सेकंद. पंचविसाव्या दिवशी, म्हणजे काल, परत: ४३.३७, ४४.१२, ॲक्सिस ९५.

दीडचा सिलिंडर नव्हताच. दोनचा तर नव्हताच नव्हता. पाऊणच्या आतबाहेर, डाव्यासारखा. मायरवाले दादा, घोडा तुमचाच. डॉक्टरांनी साधी लेन्स ठरवली, पॉवर एकवीस. मुलाचा चेहरा जरा पडला, टॉरिकबद्दल त्याने बरंच वाचलं होतं. आबा मात्र जिन्यावरच हिशेब करत होते की वाचलेल्या पैशांत शेडला किती जाळी येईल.

बेदाण्याचा सीझन तोंडावर आलाय. ऑपरेशन येत्या गुरुवारी, आणि त्यानंतर गंधकाच्या धुरीच्या खोलीकडे फिरकायचं नाही असं आबांकडून दोनदा वदवून घेतलंय. पाळतील असं वाटत नाही.

आमच्याकडे क्रम बदलला. बायोमेट्री आता सकाळी पहिली. सिस्टर कुरकुर करतात, कारण फाईल दोनदा फिरते. मावशींनाही बोलावून घेतलं, त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं रीडिंग नव्याने सुरू केलंय, तवा-फडक्यासकट.

पंख्याच्या बटणावर मी मायक्रोपोरची पट्टी चिकटवली आहे. रोज सकाळी कोणीतरी काढून ठेवतं.

---

मायरवाला, कराड

रेग्युलेटरच काढून घरी न्या.